जुन्या टीव्ही गेमचा रिमोट लॅपटॉपला कसा जोडायचा

या मे महिन्यात ताई पुण्याहून इंदूरला आली. रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून भाच्याने एक पिशवी खाली काढली. आत टीव्ही गेमचे दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि चार-पाच पिवळ्या कॅसेटी होत्या. खुद्द गेमचा डबा केव्हाच भंगारात गेलेला. रिमोट मात्र धडधाकट दिसत होते. वायर कडक झाली नव्हती आणि बटण दाबलं की परत वर येत होतं. भाच्याने वायरचं टोक हातात धरलं, माझा लॅपटॉप सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "मामा, हे लागणार कुठे?"

लॅपटॉपला दोन यूएसबी आणि एक एचडीएमआय. रिमोटच्या प्लगला नऊ भोकं, वर पाच आणि खाली चार, दोन्ही कडा तिरप्या. संध्याकाळी आम्ही दोघं जेलरोडला गेलो. एका दुकानात प्लग दाखवला तर दुकानदाराने लगेच एक वायर काढली. तिच्या एका टोकाला यूएसबी होतं, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. "भिया, एकदम फिट है." आणि खरंच ती फिट बसली, जणू त्याच प्लगसाठी बनवलेली. घरी येऊन जोडली, लॅपटॉपने टिंग केलं, भाच्याचे डोळे चमकले. पण एकही बटण चालेना.

हा अनुभव मी इतक्या सविस्तर सांगतोय कारण जुना रिमोट जोडायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. आपण प्लगचा आकार जुळवतो आणि काम झालं असं समजतो. अडचण मात्र आकाराची नसते. रिमोट एक भाषा बोलतो, यूएसबी दुसरी. दोघांच्या मध्ये दुभाषी हवा, आणि नुसत्या तारेत दुभाषी नसतो.

ती जेलरोडची वायर सिरियल पोर्टची होती. जुन्या मोडेमसाठी, आजही कारखान्यातल्या यंत्रांसाठी आणि वजनकाट्यांसाठी वापरतात ती. तिच्यात ग्राउंड, म्हणजे वीज परत जाण्याची तार, पाचव्या पिनवर असतो. आपल्या रिमोटमध्ये तो बहुतेक वेळा आठव्या भोकात असतो. रिमोटला चालायला लागणारे पाच व्होल्ट त्या वायरीत त्याच्या जागी येतच नाहीत. वर, तिसऱ्या पिनवर सिरियलचा ऋण व्होल्टेज बसलेला असतो आणि रिमोटच्या त्याच भोकात एक नाजूक सिग्नलची तार येते. म्हणून प्लग बसला तरी तो तसा लावून ठेवू नका. दुकानदाराची यात चूक नाही, त्याने मागितला तो आकार दिला.

यूएसबीचं म्हणणं काय असतं

यूएसबीचं पहिलं प्रमाण १९९६ साली आलं. त्याआधी प्रत्येक वस्तूला वेगळं भोक होतं: कीबोर्डचं वेगळं, प्रिंटरचं वेगळं, जॉयस्टिकचं वेगळं. कुठल्या भोकात काय घातलंय यावरून संगणकाला कळायचं की समोर कोण आहे. यूएसबीने भोक एकच केलं, त्यामुळे ओळख सांगायची जबाबदारी वस्तूवर आली. यूएसबीत काहीही घातलं की संगणक आधी चौकशी करतो: तू कोण, तुला कुणी बनवलं, काय काय पाठवणार? गेमपॅडने उत्तर द्यायचं असतं, "मी हाताने चालवायचं उपकरण, मला दोन दिशा आणि आठ बटणं आहेत, माझी माहिती या क्रमाने येईल." हे उत्तर ठरलेल्या साच्यात मिळालं की विंडोज, मॅक किंवा लिनक्स, कशालाच वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्या साच्याला एचआयडी म्हणतात. माऊस आणि कीबोर्डही तोच वापरतात.

१९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या रिमोटला यातलं काहीच माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे टीव्ही गेम होते ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला, आणि त्यांचे रिमोटही त्याच पद्धतीने बोलणारे.

नुसती तार बदलून भागतं अशी उदाहरणं आहेत, पण थोडी. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर आतून यूएसबीच बोलत होता, फक्त प्लग निराळा होता. तिथे प्लग बदलला की तारांचं काम संपतं. आपला रिमोट त्यातला नव्हे.

रिमोटच्या पोटात

स्क्रू काढून रिमोट उघडला. भाच्याला वाटलं होतं आत बरंच काही असेल. आत एक छोटी पाटी, तिच्यावर काळ्या रबराचे ठिपके टेकतील अशा जागा, मधोमध काळ्या लाखेसारखी एक ढेकूळ आणि तिथून निघालेल्या पाच तारा. त्या ढेकळाखाली चिप असते. अस्सल निन्टेन्डोच्या रिमोटमध्ये तिथे ४०२१ या नंबरची सुटी चिप दिसते. नकलेत तीच करामत ढेकळाखाली झाकलेली असते.

बटणं आठ: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. तारा पाच. पाचांतल्या दोन विजेच्या, म्हणजे हातात राहिल्या तीन. तीन तारांवरून आठ बटणांची खबर कशी जाते? जुन्या रिमोटचं सगळं गुपित या प्रश्नात आहे, आणि ते फार देखणं आहे.

बुधवारी खजराना गणपतीला रांग लागते तशी आठ माणसांची एक रांग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक माणूस म्हणजे एक बटण. रांगेच्या तोंडाशी एकच खिडकी आहे, एका वेळी एकालाच बोलता येतं. खिडकीतला माणूस आधी एकदा ओरडतो, "लिहा!" त्या क्षणी आठही जण आपल्या चिठ्ठीवर लिहून टाकतात, माझं बटण दाबलेलं आहे की नाही. नंतर कुणी बोट उचललं तरी चिठ्ठी बदलत नाही. मग घंटा वाजते, रांग एक पाऊल पुढे सरकते आणि पुढचा माणूस चिठ्ठी देतो. आणखी एक घंटा, आणखी एक चिठ्ठी.

"लिहा" सांगणाऱ्या तारेला लॅच म्हणतात, घंटेच्या तारेला क्लॉक आणि चिठ्ठी येते त्या तारेला डेटा. पहिल्या माणसाची चिठ्ठी लॅच होताच खिडकीवर हजर असते, उरलेल्या सातांसाठी सात घंटा. अशा सरकत्या रांगेच्या चिपला शिफ्ट रजिस्टर म्हणतात.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. बटण दाबलेलं असेल तर उत्तर शून्य येतं, मोकळं असेल तर एक. कारण बटण दाबलं की ती तार ग्राउंडला टेकते. समजा मारिओला उजवीकडे पळवत उडी मारायची आहे. आपण बी, ए आणि उजवं एकदम दाबलं. रांगेचा क्रम ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. डेटाच्या तारेवर दिसेल: ०, ०, १, १, १, १, १, ०. हे मी भाच्याला वहीत लिहून दाखवलं आणि मग त्याने स्वतः "खाली आणि बी" लिहून काढलं, १, ०, १, १, १, ०, १, १. तिथून पुढे त्याला काही समजावावं लागलं नाही.

आपल्या नकली रिमोटवर टर्बो ए आणि टर्बो बी अशी दोन जादा बटणं असतात. त्यांच्यासाठी रांगेत वेगळी माणसं नाहीत. टर्बो दाबून धरलं की आतलं सर्किटच ए ला भराभर दाबतं आणि सोडतं. म्हणून संगणकावरही टर्बो आपसूक चालतो, वेगळं काही करावं लागत नाही.

त्याच कंपनीच्या पुढच्या गेममध्ये, सुपर निन्टेन्डोमध्ये, हीच रांग सोळा जणांची केली, त्यातले बारा खरे आणि शेवटचे चार नुसते उभे. क्रम तेवढा वेगळा. एक समजला की दुसरा समजलाच.

दुभाषी कसा बनतो

आता काम सोपं झालं. एक छोटी पाटी हवी, जी एका बाजूने "लिहा" म्हणेल, घंटा वाजवेल, चिठ्ठ्या गोळा करेल, आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीच्या साच्यात उत्तर देईल.

मी आर्डुइनोच्या, म्हणजे स्वतः प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या पाट्यांच्या, घराण्यातली प्रो मायक्रो घेतली. तिच्यावर एटीमेगा ३२यू४ नावाची चिप असते, आणि या चिपमध्ये यूएसबी अंगभूत असतं, म्हणून ती संगणकाला "मी गेमपॅड" असं सांगू शकते. लिओनार्डो नावाच्या पाटीवरही हीच चिप आहे. इथे एक खड्डा आहे. सगळ्यांच्या घरात सापडणारी, कॉलेजात वापरलेली आर्डुइनो उनो या कामाला सरळ उपयोगी नाही. तिच्या मुख्य चिपला यूएसबी येत नाही, शेजारची वेगळी चिप तिच्यासाठी बोलते, आणि ती सिरियल पोर्ट म्हणून ओळख देते. म्हणजे आपण फिरून जेलरोडच्या वायरीवर आलो.

रास्पबेरी पाय पिको ही पाटीसुद्धा चालते, स्वस्त आणि वेगवान आहे. पण तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि पाच व्होल्ट सहन करत नाहीत. ४०२१ चिप तीन व्होल्टवरही काम करते, म्हणून अस्सल रिमोट ३.३ वर चालतो. ढेकळाखाली काय आहे ते दिसत नसल्यामुळे नकली रिमोटला मी पाच व्होल्टवाली प्रो मायक्रोच देईन.

जोडणी पाच तारांची. व्होल्ट, ग्राउंड आणि तीन सिग्नल पाटीच्या कोणत्याही तीन पिनांना. नऊ भोकांच्या नकली प्लगमध्ये सहसा दुसऱ्या भोकात डेटा, तिसऱ्यात लॅच, चौथ्यात क्लॉक, सहाव्यात पाच व्होल्ट आणि आठव्यात ग्राउंड असतो. "सहसा" हा शब्द मनापासून वाचा. बनवणारे अनेक होते, आणि तारांच्या रंगांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. माझ्या दोन रिमोटांत लाल तार दोन वेगळ्या जागी गेलेली होती.

म्हणून आधी मल्टिमीटर घ्या आणि बीप वाजतो त्या खुणेवर लावा. रिमोट उघडा. पाटीवर नीट पाहिलं तर प्रत्येक बटणाखाली दोन पट्ट्यांची नक्षी दिसते, आणि त्यातली एक पट्टी सगळ्या बटणांना सामाईक असते. ती ग्राउंड. एक टोक तिथे टेकवा, दुसरं प्लगच्या एकेका भोकात. जिथे बीप येईल ते ग्राउंडचं भोक. मग उरलेल्या चार तारा पाटीवर जिथे सोल्डर केल्या आहेत तिथून प्लगपर्यंत तशाच मोजा आणि कागदावर उतरवा. बऱ्याच पाट्यांवर त्या जागांपाशी अक्षरंही छापलेली असतात. व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागले तर चिप जाऊ शकते. ही दहा मिनिटं वाचवू नका.

आणखी एक विनंती, रिमोटचा मूळ प्लग कापू नका. नऊ पिनांचं सॉकेट कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जोडण्या त्या सॉकेटला करा आणि रिमोट त्यात खोचा. उद्या कुणाकडे चालू टीव्ही गेम निघाला तर रिमोट जसाच्या तसा हातात असेल.

प्रोग्रॅम स्वतः लिहिणं अवघड नाही. लॅच वर करा, साधारण १२ मायक्रोसेकंद थांबा, खाली करा. डेटा वाचा. मग क्लॉक हलवत आणखी सात वेळा वाचा. आलेल्या शून्य-एकांचा अर्थ लावून यूएसबीकडे द्या. पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागात उरकतं. स्वतः लिहायचं नसेल तर प्रो मायक्रोसाठी डेमनबाइट नावाचा तयार, खुला प्रोग्रॅम आहे, त्यात या रिमोटसाठीही सोय आहे. एक सूचना: डेटाच्या पिनला पाटीच्या आतला पुल-अप, म्हणजे तार मोकळी असताना तिला 'एक' वर धरून ठेवणारा रोध (रेझिस्टर), लावा. नाहीतर रिमोट काढलेला असताना ती तार लोंबकळते आणि संगणकाला बटणं आपोआप दाबल्याचे भास होतात.

उशीर होतो का, हे हमखास विचारलं जातं. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. म्हणजे मूळ गेमसुद्धा रिमोटला साधारण २० मिलिसेकंदांनी एकदा विचारायचा. यूएसबीवर फुल स्पीडच्या उपकरणाला संगणक दर मिलिसेकंदाला विचारू शकतो, प्रो मायक्रो त्यातलीच. स्वस्तातले काही तयार अडॅप्टर लो स्पीडचे असतात, तिथे हा काळ आठ मिलिसेकंदांच्या आसपास जातो. खेळताना हात आणि चित्र यांत अंतर जाणवत असेल तर संशय आधी पडद्यावर घ्या. टीव्हीला लॅपटॉप जोडला असेल तर टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करून बघा.

पंधरा पिनांची जॉयस्टिक

पलीकडच्या काकांना हे कळलं तेव्हा ते त्यांची विमानाच्या गेमची जॉयस्टिक घेऊन आले. तिचा प्लग पंधरा पिनांचा. हे गेम पोर्ट. आयबीएमने १९८१ च्या पहिल्या पीसीसाठी ते काढलं आणि पुढे साउंड कार्डांच्या मागे ते वर्षानुवर्षं राहिलं. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला.

हिची भाषा अगदी निराळी. इथे रांग नाही, चिठ्ठ्या नाहीत. दांडा हलवला की आत पंख्याच्या रेग्युलेटरसारखा एक फिरता रोध हलतो, शून्य ते एक लाख ओहम. संगणक काय करायचा, तर वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर त्या रोधातून भरायला सोडायचा आणि भरायला किती वेळ लागला ते मोजायचा. आयबीएमने दिलेलं गणित असं: २४.२ मायक्रोसेकंद, अधिक प्रत्येक ओहममागे ०.०११. दांडा मधोमध म्हणजे ५०,००० ओहम, वेळ ५७४ मायक्रोसेकंद. पूर्ण टोकाला १,१२४. बारीक नळाने बादली भरायला जास्त वेळ लागतो, त्यावरून नळ किती उघडा आहे हे ओळखण्यासारखं. मोजायचं काम प्रोसेसर आकडे मोजत बसून करायचा, म्हणून संगणक वेगवान झाला की आकडे बदलायचे आणि प्रत्येक गेम सुरुवातीला दांडा चारही कोपऱ्यांत फिरवून घ्यायला सांगायचा. काकांना ते कॅलिब्रेशन आठवत होतं. ते का करावं लागायचं ते मात्र त्यांना त्या दिवशी कळलं.

प्रो मायक्रोला वेळ मोजायची गरज नाही, ती व्होल्टेज मोजते. जॉयस्टिकच्या पहिल्या पिनवर पाच व्होल्ट द्यायचे. तिसऱ्या पिनवर डावं-उजवं येतं, सहाव्यावर वर-खाली. या दोन्ही पिनांपासून ग्राउंडपर्यंत एकेक लाख ओहमचा रोध लावायचा आणि त्या सांध्यांवरचा व्होल्टेज पाटीने वाचायचा. आकडे ० ते १०२३ मध्ये येतात, पण दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला तरी फक्त ५१२ ते १०२३ एवढंच वापरलं जातं, आणि मधली जागा ७६८ वर न पडता ६८२ च्या आसपास पडते. म्हणून मधला आणि दोन्ही टोकांचे आकडे प्रोग्रॅममध्ये वेगवेगळे नोंदवावे लागतात. बटणं दुसऱ्या आणि सातव्या पिनवर, ग्राउंड चौथ्यावर. काकांच्या जॉयस्टिकचा आकडा सुरुवातीला थरथरत होता. रोधाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दांडा शंभरेक वेळा फिरवला, मग स्थिरावला.

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरसाठी मी स्वतः काही बनवणार नाही. त्याचे तयार अडॅप्टर सहज मिळतात आणि त्यांत दुभाषी असतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरची बटणं ती किती जोरात दाबली हेही सांगतात, आणि ही माहिती बहुतेक स्वस्त अडॅप्टर गाळून टाकतात.

जोडल्यानंतर

विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल लिहिलं की जोडलेले गेमपॅड दिसतात, बटण दाबलं की दिवा लागतो. लिनक्सवर तेच काम जेएसटेस्ट करतो. इथे सगळी बटणं दिसली म्हणजे आपलं काम चोख झालं. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एकदा बटणं नेमून दिली की संपलं. नवे विकत घेतलेले गेम मात्र पुष्कळदा एक्सबॉक्सच्या पद्धतीचाच पॅड ओळखतात, ती एक्सइनपुट नावाची बोली २००५ च्या एक्सबॉक्स ३६० बरोबर आली. तिथे स्टीम या गेमच्या दुकानाच्या प्रोग्रॅममधली इनपुटची सोय मधे घातली तर आपला साधा पॅडही चालतो.

एखादं बटण जोर लावल्याशिवाय लागत नसेल तर दोष चिपचा नसतो. रबराखालचा काळा ठिपका आणि पाटीवरची नक्षी स्पिरिटने पुसा. पॉलिश पेपर घासू नका, काळा थर निघून जातो.

बंदुकीचं मात्र जमलं नाही, आणि ते जमणारही नाही. भाच्याला सगळ्यात जास्त हौस तिचीच होती. ती बंदूक काहीच मारत नाही, ती बघते. घोडा ओढला की बदकं टिपायचा गेम एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. बंदुकीतलं सर्किट जुन्या काचेच्या टीव्हीच्या किरणाच्या गतीला जुळवलेलं असतं, पालमध्ये सेकंदाला १५,६२५ रेषा. एलसीडीवर तसा किरण फिरत नाही, आणि चित्रही थोडं उशिरा उमटतं. घोड्याची खबर यूएसबीने संगणकाला जरूर देता येईल, पण बंदुकीला दिसायला हवं ते पडद्यावर नसतंच. भाच्याने ते ऐकून घेतलं, बंदूक आजीच्या खोलीतल्या बंद पडलेल्या जुन्या टीव्हीवर ठेवली आणि विचारलं, "मामा, हा टीव्ही दुरुस्त होतो का?"